पीएच.डी.नंतर विद्यापीठाबाहेर पडताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विद्यापीठाबाहेर नोकरी शोधणाऱ्या पीएच.डी.धारकांचे अर्ज अनेकदा पहिल्या चाळणीतच गळतात, कारण आठ-दहा पानांचा शैक्षणिक बायोडेटा ते जसाच्या तसा पाठवतात. तो २ पानांवर आणावा. शोधनिबंधांची यादी एका ओळीत आटोपावी. त्याऐवजी अडचण काय होती, कोणती पद्धत वापरली, वेळ किंवा खर्च किती वाचला, हे आकड्यांत लिहावे. जाहिरातीतले शब्दही अर्जात यावेत, अर्थात खरे लागू पडतील तेवढेच.

ही तयारी प्रबंध सादर करण्याआधी किमान ६ महिने सुरू करावी. ज्या क्षेत्रात नोकरी हवी, त्या क्षेत्रातल्या माणसांशी २० मिनिटे बोलावे. नोकरी न मागता रोजचे काम कसे चालते तेवढेच विचारावे. पीएच.डी.च्या मार्गदर्शकांनी विद्यापीठाबाहेर पडण्याला पळपुटेपणा समजू नये, ही कळकळीची विनंती.

– संशोधकांना मार्गदर्शन करणारे दोन वाचक