तक्रार: पाळीच्या त्रासावरच्या हर्बल गोळीत काय किती आहे, ते लेखी सांगा

प्रति,
व्यवस्थापक, गुणवत्ता नियंत्रण व ग्राहक सेवा

विषय: मासिक पाळीच्या वेदना आणि पीएमएस (पाळीआधी होणारा शारीरिक-मानसिक त्रास) यांवरील हर्बल गोळ्या (६० गोळ्यांची बाटली). घटकांचं प्रमाण दडवणे, धोक्याची सूचना न देणे आणि फोनवरून वाढीव डोस सांगणे.

तुमच्या ग्राहक सेवेशी आज शेवटचं बोलणं झालं. यापुढे फोनवर बोलण्यात अर्थ नाही, म्हणून लेखी देत आहे. उत्पादन तुमचं आहे, त्यामुळे त्याची ओळख करून देत बसत नाही.

बाटलीवर 'खास मिश्रण ५०० मिलिग्रॅम' असं छापलं आहे. त्याखाली सात नावं आहेत: रास्पबेरीचं पान, बडीशेप, कॅमोमाइल, आलं, व्हायटेक्स, सेंट जॉन्स वर्ट, केशर. यातल्या एकाच्याही पुढे आकडा नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिले आहेत, असं तुमच्याच प्रतिनिधीने सांगितलं. मग हिशेब कोणालाही जमेल. दिवसाला दोन गोळ्या म्हणजे मिश्रण १००० मिलिग्रॅम. चौथ्या क्रमांकावरचं आलं त्यात फार तर चौथा हिस्सा, म्हणजे २५० मिलिग्रॅम असू शकतं. त्याहून कमी कितीही असू शकतं. पाळीच्या कळांवर आल्याचा उपयोग तपासणाऱ्या चाचण्यांमध्ये दिवसाला साधारण ७५० ते २००० मिलिग्रॅम पावडर दिली गेली, तीही पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत. तुमच्या माहितीपत्रकात २००९ सालच्या ज्या चाचणीचा दाखला आहे, तिच्यात आलं मेफेनामिक ॲसिड आणि आयब्युप्रोफेन या वेदनाशामकांच्या बरोबरीचं ठरलं होतं. पण तिथे २५० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून चार वेळा, तीन दिवस दिली होती. दाखला हजार मिलिग्रॅमचा द्यायचा आणि गोळ्यांतून अडीचशेही पोचतील की नाही ते सांगायचं नाही, ही ग्राहकाची फसवणूक आहे.

कॅल्शियमचंही तेच. 'कॅल्शियम कार्बोनेट ५०० मिलिग्रॅम' असं ठळक छापलं आहे. कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ४० टक्के असतं. म्हणजे गोळीमागे २०० आणि दिवसाला ४०० मिलिग्रॅम. पीएमएसवर कॅल्शियमची जी मोठी चाचणी १९९८ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात रोजचं प्रत्यक्ष कॅल्शियम १२०० मिलिग्रॅम होतं. तुमची गोळी त्याच्या एक तृतीयांशावर थांबते आणि जाहिरात मात्र त्याच निष्कर्षाची करते.

आता व्हायटेक्स, कारण बाटलीवर सगळ्यात मोठा दावा याच्याच नावाने केला आहे. पीएमएससाठी तपासलं गेलंय ते व्हायटेक्स ॲग्नस-कास्टसचं फळ. व्हायटेक्स निगुंडो, म्हणजे आपली निर्गुंडी, ही त्याच वंशातली वेगळी वनस्पती आहे आणि तिची पानं मुख्यतः सूज आणि सांधेदुखीवर वापरतात. तुमच्या लेबलवर नुसतं 'व्हायटेक्स' आहे. जात नाही, वनस्पतीचा कोणता भाग वापरला ते नाही, साधी पावडर की अर्क हेही नाही. फोनवर विचारलं तर "दोन्ही एकच, मॅडम" असं उत्तर मिळालं. ते एक नाही. एकाच्या फळावरचे निष्कर्ष दुसऱ्याच्या पानाला लावता येत नाहीत.

अर्क असेल तर पुढचे प्रश्न आलेच. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या १७० स्त्रियांच्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम अर्क तीन मासिक चक्रं दिला होता. लक्षणं निम्म्याने किंवा अधिक कमी झाली अशा स्त्रिया अर्क घेणाऱ्यांत ५२ टक्के होत्या, प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत २४ टक्के. तो झेडई ४४० नावाचा प्रमाणित अर्क होता, ६ ते १२ भाग फळापासून १ भाग. म्हणजे २० मिलिग्रॅम अर्कासाठी १२० ते २४० मिलिग्रॅम सुकं फळ लागलं. कोणी गोळीत २० मिलिग्रॅम साधी फळाची पावडर घालून 'संशोधनातला डोस' म्हणत असेल, तर तो डोस प्रत्यक्षात सहापट ते बारापट कमी पडतो. म्हणूनच अर्काचं गुणोत्तर, द्रावक आणि कॅस्टिसिनसारख्या एखाद्या ओळखघटकाचं प्रमाण लेबलवर हवं. हे तुमच्या उत्पादन विभागाला माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

त्याच चाचणीतला २४ टक्क्यांचा आकडा जरा नीट पाहा. औषध नसलेली गोळी घेऊनही जवळजवळ चौघींपैकी एकीला ठळक आराम पडला. पीएमएसच्या चाचण्यांमध्ये प्लासिबोचा परिणाम मोठा असतो, हे या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे बाटलीवरचं 'दहापैकी नऊ जणींना आराम' हे वाक्य तुलनेचा गट नसेल तर काहीच सिद्ध करत नाही. कोणाला विचारलं, किती दिवसांनी विचारलं, लक्षणांची रोजची नोंद ठेवली होती का? पीएमएसचं निदानसुद्धा किमान दोन चक्रं रोज नोंद ठेवून केलं जातं, आठवणीवर विसंबून नाही.

आणि वापरायची सूचना? 'त्रास सुरू झाल्यावर रोज दोन गोळ्या घ्या, ७ दिवसांत फरक पाहा.' पाळीच्या कळा येतात कारण गर्भाशयाच्या अस्तरातून सुटणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं स्नायू आवळतात आणि तिथला रक्तपुरवठा घटतो. आलं उपयोगी पडायचं तर त्याच दिवसांत, पुरेशा मात्रेत पोटात जायला हवं. व्हायटेक्सचा मार्ग निराळा आहे. तो डोपामाइनच्या ग्राहींवर काम करून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक कमी करतो असं मानतात. तो रोज घ्यावा लागतो, दुखो वा न दुखो, आणि फरक दोन-तीन चक्रांनी जोखायचा असतो. एकाच ओळीच्या सूचनेत तुम्ही दोघांचीही वाट लावली आहे.

यातूनच तुमच्या पैसे परत देण्याच्या हमीचा प्रश्न येतो. मुदत ३० दिवस. तीन चक्रं म्हणजे साधारण ८४ दिवस. दिवसाला दोन या हिशेबाने ६० गोळ्याही ३० दिवसांतच संपतात. म्हणजे उत्पादन उपयोगी आहे की नाही हे कळायच्या आत हमी संपते. अशी हमी छापूच नका.

आता आजच्या फोनबद्दल. मी विचारलं, "गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर ही गोळी चालेल का?" उत्तर आलं, "शंभर टक्के नैसर्गिक आहे मॅडम, काही होत नाही." मी विचारलं, "सेंट जॉन्स वर्टमधलं हायपरफोरिन किती आहे?" (हायपरफोरिन हा त्या वनस्पतीतला एक सक्रिय घटक.) त्यावर होल्ड. बराच वेळ संगीत वाजलं आणि मग दुसऱ्या माणसाने 'सीनियर वेलनेस तज्ज्ञ' अशी ओळख करून दिली. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, इतके प्रश्न आम्हाला कोणी विचारत नाही." मी म्हटलं, "मग आता विचारलेत, उत्तर द्या." त्यावर ते हसले. आणि म्हणाले, "तुमचा आवाज चढलाय बघा, हीच तर पीएमएसची लक्षणं. आठवडाभर दोनऐवजी चार गोळ्या घ्या, शांत वाटेल." मी विचारलं, "हे तुम्ही कोणत्या आधारावर सांगताय?" तर म्हणाले, "अनुभवावरून."

हे वाक्य तुमच्या व्यवस्थापनाने दोनदा वाचावं. ग्राहक एका घटकाचं प्रमाण विचारत होती. तुमच्या तज्ज्ञाने त्या प्रश्नाला पाळीचं लक्षण ठरवलं आणि उपाय म्हणून तुमचीच गोळी दुप्पट विकली. पाळीच्या त्रासावर औषध विकणाऱ्या कंपनीत बाईचा राग थट्टेवारी नेला जात असेल, तर तुम्ही या धंद्यात कशासाठी आहात? त्याने हेही विचारलं नाही की दुसरी औषधं चालू आहेत का, गरोदरपण आहे का, मूल अंगावर पितं का. डोस वाढवून फायदा वाढतो याला आधारही नाही. २०१२ साली याच झेडई ४४० अर्काच्या ८, २० आणि ३० मिलिग्रॅम मात्रा ताडून पाहिल्या गेल्या. २० मिलिग्रॅम हे ८ पेक्षा सरस ठरलं, पण ३० मिलिग्रॅमने २० पेक्षा जास्त काही मिळालं नाही.

चार गोळ्यांचा खरा धोका सेंट जॉन्स वर्टचा आहे. ही वनस्पती यकृतातलं सीवायपी३ए४ हे औषधं मोडणारं एन्झाइम वाढवते. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांतली संप्रेरकं शरीरातून लवकर निघून जातात आणि नको असलेली गर्भधारणा होऊ शकते. ब्रिटनच्या औषध नियामकाने, एमएचआरएने, २०१४ साली याबद्दल पुन्हा बजावलं होतं, आणि त्यात त्वचेखाली बसवायच्या गर्भनिरोधक इम्प्लांटचाही समावेश होता. एसएसआरआय गटाच्या नैराश्यावरच्या गोळ्यांसोबत घेतलं तर सेरोटोनिन सिंड्रोमचा, म्हणजे शरीरात सेरोटोनिन घातक प्रमाणात वाढण्याचा, धोका वेगळाच. आणि तीव्र पीएमएसवर डॉक्टर नेमक्या याच दोन गटांची औषधं देतात! म्हणजे तुमच्या ग्राहकांपैकी ज्यांना जपायला हवं, त्यांच्याच हातात ही बाटली जाते आहे, एका ओळीच्याही सूचनेशिवाय.

सहाव्या क्रमांकावरचा हा घटक दिवसाला फार तर १६६ मिलिग्रॅम असेल. पीएमएसवरच्या चाचणीत रोज ९०० मिलिग्रॅम दिलं होतं. उपयोगाला ते अपुरं आहे. पण अर्कात ३ टक्के हायपरफोरिन धरलं तर १६६ मध्ये ते ५ मिलिग्रॅम होतं, आणि या आंतरक्रिया मुख्यतः हायपरफोरिनच्या मात्रेवर ठरतात. गुण येण्याइतकं नाही, पण अपाय करायला पुरेसं असू शकतं, अशा मात्रेत हा घटक गोळीत का आहे? हायपरफोरिनचा आकडा मागितला तो यासाठी. तो अजून मिळालेला नाही.

ईमेलने पाठवलेलं तपासणी प्रमाणपत्रही कामाचं नाही. त्यावरचा बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळत नाही. शिसं, कॅडमियम, जंतूसंख्या, सगळ्यांपुढे एकच शब्द: 'अनुरूप'. कशाशी अनुरूप? जागतिक आरोग्य संघटनेने वनौषधींसाठी सुचवलेली मर्यादा शिशाला १० आणि कॅडमियमला ०.३ मिलिग्रॅम प्रतिकिलो आहे. तुमचा आकडा त्याच्या जवळ आहे की खूप खाली, ते आकडा छापल्याशिवाय कळत नाही. ओळख चाचणीत एचपीटीएलसी या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने मिळणारा वनस्पतीचा रासायनिक ठसा अस्सल नमुन्याशी ताडला का, याचाही उल्लेख नाही.

वाईट याचं वाटतं की तुमच्याच जुन्या लेबलवर प्रत्येक घटकापुढे मिलिग्रॅम छापलेले असायचे. त्या वेळी ही बाटली दुसऱ्या कोणाला विश्वासाने सुचवता येत होती. 'खास मिश्रण' आलं आणि आकडे गेले.

त्यामुळे १५ दिवसांत लेखी हवं आहे: प्रत्येक घटकाचं मिलिग्रॅममधलं प्रमाण, वनस्पतीची जात, भाग आणि अर्काचं गुणोत्तर, हायपरफोरिन आणि कॅस्टिसिनचे आकडे, आणि बाटलीवरच्या बॅचचं आकड्यांसह प्रमाणपत्र. गर्भनिरोधकं, नैराश्यावरची आणि रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण आणि स्तनपान याबद्दलची सूचना लेबलवर येईपर्यंत विक्री थांबवा. तासाला पॅड भिजत असेल, वेदना दर महिन्याला वाढत असतील किंवा पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल तर डॉक्टरांकडे जावं, हेही त्याच लेबलवर छापा. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असलेली बाई तुमच्या भरवशावर महिनोन्‌महिने घालवू शकते. आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग पुसू नका. चार गोळ्यांचा सल्ला आणखी किती जणींना दिला ते शोधा आणि प्रत्येकीला कळवा. बाटलीचे पैसे ३० दिवसांचं कारण न सांगता परत करा.

मुदतीत उत्तर आलं नाही तर हेच पत्र, लेबलचे फोटो आणि तुमचं न जुळणारं प्रमाणपत्र आरोग्य नियामकाकडे आणि ग्राहक न्यायालयात जाईल.

उत्तर लेखीच द्या. फोन करू नका.

एक ग्राहक

सोबत: लेबलच्या चारही बाजूंचे फोटो, बॅच क्रमांकाचा फोटो, ईमेलने आलेलं प्रमाणपत्र, खरेदीची पावती.