वखारीतल्या मिस्त्रीमामांना

मामा, नमस्कार.

गेल्या मे महिन्यात भर दुपारी मोडकी तिवई घेऊन वखारीत आलेली बाई आठवते का? ती मी. पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्या ठोकून मी ती माठाखाली ठेवायला केली होती. माठाच्या झिरपण्यानं फळ्या काळ्या पडल्या, पाय निखळला आणि आईच्या हातचा जुना माठ फुटला. मला नवी तिवई विकत हवी होती. तुम्ही मोडकी उलटी करून पाहिलीत. "काम चुकलं न्हाई पोरी, लाकूड चुकलंय," म्हणालात.

त्या एका वाक्यानं मी परत करवत हातात धरली.

दारं-चौकटी कापून उरलेली सागाची टोकं तुम्ही ढिगातून काढून दिलीत. कुणाच्या तरी बंबात जायची ती. खोक्याचं पाइन ओल सोसत नाही, सागात अंगचं तेल असतं, म्हणून माठाखाली सागच. पायही तीनच सांगितलेत. आमची शहाबादी फरशी कुठं उंच, कुठं सखल. तिच्यावर चार पाय डुगडुगतात, तीन कधीच नाही. आणि वरच्या पट्ट्यांत बोटभर फट, पाणी साचू नये म्हणून.

खिळ्याची गोष्ट तर मी आता सगळ्यांना सांगते. पट्टीच्या टोकाशी ठोकला की लाकूड उभं चिरायचं. तुम्ही खिळा डोक्यावर उभा केलात, टोकावर हातोडीनं हलकेच टिचकी मारलीत आणि तो बोथट खिळा ठोकलात. पट्टी शाबूत! अणकुचीदार टोक पाचरीसारखं लाकडाच्या रेषा फाकवतं. बोथट टोक लाकूड चिरडत वाट काढतं. इतकं साधं, पण मला कुणी सांगितलंच नव्हतं.

एमआयडीसीतून येणाऱ्या, मालाखाली ठेवायच्या लाकडी पॅलेटवरचा शिक्काही तुम्हीच वाचायला शिकवलात. 'एचटी' म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते घरात आणायचं नाही. आता मी आधी शिक्का बघते, मग फळी उचलते. अशाच एचटीच्या फळ्यांतून शेंगाचटणीच्या बरण्यांची मांडणी झाली, सासूबाईंना पाय टेकायला पाट झाला. पाटाच्या कडा मी पॉलिश पेपरनं इतक्या घासल्या की सासूबाई बसल्या बसल्या त्यावरून हात फिरवत राहतात.

लाकडाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. दुपारचं जेवण बाजूला सारून तासभर माझ्याशेजारी उभे राहिलात, त्याचे तर मी देऊच शकत नाही. मनापासून आभार, मामा.

नळाला रोज पाणी येत नाही आपल्याकडे, त्यामुळे माठ सदा काठोकाठ भरलेला असतो. तिवई त्याच्याखाली अजून घट्ट उभी आहे. तुमचा काटकोन बघायचा गुण्या माझ्याकडेच राहिलाय. रविवारी घेऊन येते, कडक भाकरी आणि चटणीही आणते. तुम्ही जेवून घेऊ नका.

तुमची,
तिवईवाली