लिव्हिंग विल आणि आपली श्रद्धा

मा. संपादक,
लिव्हिंग विलचा, म्हणजे पुढे स्वतः सांगता येणार नाही अशी वेळ आली तर कोणते उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा, विषय काढला की आमच्याकडे लगेच ऐकू येतं, आयुष्य देवाने दिलंय, आपण कोण ठरवणार. श्रद्धा मलाही आहे, पण व्हेंटिलेटर काही देवाने लावलेला नसतो ना! मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानबाग त्यांच्यावरच्या हल्ल्यानंतर 1973 पासून 2015 पर्यंत भान हरपलेल्या अवस्थेत पडून होत्या, 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्यासाठीची इच्छामरणाची याचिका नाकारली, कारण सांभाळणाऱ्या नर्सेसना त्या जगायला हव्या होत्या. त्या नर्सेसपुढे मी हात जोडतो, त्यांनी एका बेशुद्ध बाईला शेवटपर्यंत माणूस मानलं. फक्त एक राहिलंच, खुद्द अरुणाताईंना काय हवं होतं हे विचारायची सोयच उरली नव्हती.

म्हणून तर हे आधी लिहून ठेवायचं. 2018 ला कोर्टाने परवानगी दिली, 2023 ला प्रोसिजर सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. आणि उपचार चालूच ठेवा असंही त्यात लिहिता येतं, हे कुणी सांगतच नाही! सरकारने मराठीत साधा नमुना फॉर्म प्रत्येक सरकारी हॉस्पिटलात ठेवावा, एवढी विनंती.

– एक वाचक, नाशिक