मसाई पठार दाखवणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपण आम्हाला पन्हाळ्याजवळचे मसाई पठार दाखवलेत, तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. माझ्या वडिलांचे, आण्णांचे, गुडघे कसे आहेत हे ते गाडीतून उतरतानाच आपल्या लक्षात आले असणार. तरीही आपण त्याबद्दल अवाक्षर काढले नाहीत.

मागच्या पावसाळ्यात एका आयोजकाबरोबर पूर्ण पैसे भरून आम्ही फुले पाहायला गेलो होतो. चढ लागताच त्यांनी ‘वयस्कर माणसांमुळे सगळ्यांचा खोळंबा होतो’ असे चारचौघांत सुनावले आणि आण्णांना गाडीत बसवून ठेवले. हयातभर हायस्कुलात विज्ञान शिकवलेल्या माणसाला त्या दिवशी काचेतून पठाराची नुसती कड दिसली. त्यानंतर कुठेही जायचे म्हटले की ते ‘तुम्ही जाऊन या’ एवढेच म्हणत. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

आपण मात्र थोडे चालून झाले की स्वतःच खाली बसत होतात. ‘आण्णा, जरा थांबूया हितं, मला ह्ये बघायचंय,’ असे म्हणून आपण जांभ्या दगडावर बैठक मारलीत की आण्णाही बसत, आणि आपण बसाल तिथे खरोखरच काहीतरी पाहण्यासारखे असे. दिवसभरात दमल्याचे सांगण्याची वेळ आपण त्यांच्यावर एकदाही येऊ दिली नाहीत. माझ्या लेखी सगळ्यात मोठे उपकार हे आहेत.

अशाच एका थांब्यावर आपण त्यांच्या हातात भिंग दिलेत. ओल्या कातळालगत दवबिंदू नावाचे बोटभर उंचीचे कीटकभक्षी रोपटे होते; पानावरच्या लालसर केसांच्या टोकांशी चिकट थेंब चमकत होते आणि त्यांत अडकलेल्या चिलटाकडे शेजारचे केस वळलेले होते. सड्यावर, म्हणजे अशा कातळी पठारावर, माती जेमतेम, त्यातले नत्र पावसाने धुऊन जाते, म्हणून ही झाडे कीटकांवर भागवतात, हे आण्णांनी कितीतरी वर्गांना फळ्यावर चित्र काढून शिकवले होते. ते प्रत्यक्ष पाहताना त्यांचा हात थरथरत होता. मग शेजारच्या ‘सीतेची आसवे’ या फुलांच्या जांभळ्या ताटव्याकडे बोट करून, त्यांचे बारीक जीव पकडणारे सापळे मुळांसारख्या धाग्यांवर मातीत दडलेले असतात, हे तेच आपल्याला सांगू लागले. आपल्याला ते सारे ठाऊक असूनही आपण मध्येच तोडले नाहीत, विद्यार्थ्यासारखे ऐकून घेतलेत.

कंदीलपुष्प हे दुर्मीळ फूल दाखवताना आपण फोटोसोबत ठिकाण लिहू नका, असे हात जोडून सांगितलेत. त्या फुलाच्या नळीत शिरलेली माशी आतले केस सुकेपर्यंत अडकून राहते आणि सुटताना पराग घेऊन जाते, हे आपण इतक्या जिव्हाळ्याने सांगितलेत की पुन्हा बजावायची गरजच उरली नाही. जो माणूस फुलाला जपतो तोच थकलेल्या पाहुण्याचा मानही राखतो, असे मला तेव्हा वाटले. अशी माणसे आपल्या जिल्ह्यात वाडीवाडीवर आहेत. त्यांची नावे कुठल्या फलकावर लागत नाहीत, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिले आहे.

सोनकीने पठार पिवळे झाले की निरोप धाडावा. आण्णा येणार आहेत, आणि त्यांचे काही जुने विद्यार्थीही सोबत यायचे म्हणतात.

आपली कृतज्ञ,
आण्णांची लेक, कोल्हापूर