साकामोतोंच्या पलीकडे

महोदय,

जपानी इलेक्ट्रॉनिक संगीताचा विषय निघाला की आपल्या पुरवण्यांची मजल संगीतकार र्‍युइची साकामोतो यांच्यापर्यंत जाते आणि तिथेच थांबते. ते मोठे होतेच, वाद नाही. पण टोकियोत 'एनएचके' या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ १९५५ सालीच सुरू झाला होता. तोशिरो मायुझुमी यांनी तिथे नुसत्या साइन लहरींवर, म्हणजे यंत्रातून निघणाऱ्या साध्या शुद्ध सुरांवर, रचना केली, तर १९६६ मध्ये जर्मनीचे संगीतकार स्टॉकहाउझेन तिथे येऊन काम करून गेले.

मला सर्वांत नवल वाटतं ते तोशिमारू नाकामुरा यांचं. ते मिक्सरच्या आउटपुटची केबल त्याच मिक्सरच्या इनपुटला जोडतात. वाद्य नाही, माइक नाही. मग बटणं हलकेच फिरवत आतून उमटणारी गुणगुण, खरखर, शिट्टी खेळवत राहतात. जी शिट्टी बंद करताना आपल्या मंडपातल्या साउंडवाल्यांच्या नाकी नऊ येतात, तिच्यावर यांची अख्खी मैफल! साचिको एम यांनी तर सॅम्पलरमधला (आवाज साठवून वाजवणाऱ्या यंत्रातला) चाचणीचा सूरच वाद्य म्हणून वापरला.

रविवारच्या पुरवणीत या मंडळींवर जाणकारांकडून लिहून घ्यावं, ही विनंती. 'मर्झबो' या जपानी नॉइज-संगीतकाराचा गोंगाट मला स्वतःला झेपत नाही, पण त्यावरही वाचायला आवडेल.

– एक वाचक, पुणे