सभासदांची माहिती कुलपात ठेवा

महोदय,
आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात वर्गणीसोबत आधारची झेरॉक्स घेतात आणि फाईल टेबलावर उघडी पडून असते. दिवंगत सभासदांचे कागदही अजून तिच्यातच आहेत. उनपदेवच्या सहलीआधी तर सर्वांच्या जन्मतारखा, मोबाइल नंबर थेट व्हॉट्सॲप ग्रुपवर आले. पेन्शनवर जगणाऱ्यांना गंडवायला भामट्यांना आणखी काय हवे? 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा कामापुरतीच माहिती घ्या, काम झाल्यावर पुसा, असे सांगतो. नुसत्या कागदाला तो लागू नाही, पण कपाटाला कुलूप लावायला कायदा कशाला हवा? पदाधिकारी विनामोबदला राबतात, त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. वयाच्या पुराव्याला शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार घ्यावे. जुन्या झेरॉक्स वार्षिक सभेआधी फाडून टाकाव्यात.

– एक सभासद, चोपडा (जि. जळगाव)