वसुबारसेच्या आत या

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

ताईचा काल रात्री फोन झाला. बाबांना काठी घेऊन घरभर हिंडायला डॉक्टरांनी मोकळीक दिली, प्रवासालाही हरकत नाही म्हणाले, हे ऐकल्यापासून घरात एकच विषय आहे: तुम्ही कधी येणार. तुमच्या नातीनं तर कॅलेंडरवर वसुबारसेला लाल गोल करून टाकलाय. आपलं रोज फोनवर बोलणं होतं, पण बाबांचं "बरं आहे" आणि आईचं "जेवलास का" एवढ्यातच वेळ संपतो. इथं काय काय चाललंय ते आज सविस्तर लिहितो. आई, तू मोठ्यानं वाच, म्हणजे बाबांनाही ऐकता येईल.

पाऊस आता संपला. आषाढात तुम्हाला पुण्याला सोडून मी परत आलो तेव्हा राजाराम बंधारा पाण्याखाली होता. आता शिवाजी पुलावरून बघितलं तर पंचगंगेचं पाणी निवळलंय. सकाळी परड्यात पारिजातकाचा सडा असतो, दुपारी ऊन चटका देतं आणि रात्री जेवून कट्ट्यावर बसावं तर अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. रंकाळ्यावर धोबी पक्षी आलेत. संध्यामठाच्या बाजूला काठाकाठानं शेपटी वरखाली करत पळत असतात. बाबा, तुम्हीच मला ते दाखवले होते, "हे उत्तरेकडनं येतात, थंडी सरली की जातात" म्हणून. परवा पोरीला मी हेच सांगितलं, तुमच्याच शब्दांत.

घट बसायच्या आधी दसऱ्याची धुणी-भांडी रीतसर झाली. आई, तुझ्या सगळ्या वाकळा काढल्या. भिजलेली वाकळ दोघांना उचलत नाही, म्हणून तालमीतले मित्र टेम्पो घेऊन आले आणि आम्ही घाटावर गेलो. तिथं नेहमीसारखी अख्ख्या कोल्हापूरची गर्दी. पिळताना एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं, आणि उलट्या दिशेनं पीळ द्यायचा. पोरांना त्यात फार मजा वाटली. नवरात्रात पंचमीला टेंबलाईला जाऊन आलो. कोहळा फुटला की त्याच्या तुकड्यासाठी उडणारी झुंबड तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे आम्ही लांबूनच हात जोडले. दसऱ्याला दसरा चौकात सोनं लुटलं. घटातलं धन यंदा चांगलं वीतभर वाढलं होतं. तुमच्या वाटणीचं देव्हाऱ्यात ठेवलंय.

दिवाळीच्या सुट्टीत यंदा कुठंही जायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. मित्रांचं मालवणला जायचं चाललं होतं, मी त्यांनाही थांबवलं. आश्विन-कार्तिक हे महिने कोल्हापूर सोडून जायचे नव्हेतच, असं माझं ठाम मत झालंय. कोकण मे महिन्यात बघावं. इथं आत्ता सुगी आहे, भुईमुगाच्या ताज्या शेंगा मीठ घालून उकडायला मिळतायत, गुऱ्हाळं पेटलीत, हवा धुतल्यासारखी स्वच्छ आहे आणि पोरांना सुट्टी आहे. हे सगळं टाकून हॉटेलात जाऊन राहायचं कशाला? घरात हातानं करण्यासारखी एवढी कामं निघालीत की संध्याकाळ कधी होते कळत नाही.

सगळ्यात मोठं काम किल्ल्याचं. सहामाही परीक्षा संपली त्याच दिवशी गल्लीतली पोरं परड्यात जमली. कुठला किल्ला करायचा यावर जोरात वाद झाला. एकाला रायगड हवा होता, एकाला सिंधुदुर्ग, कारण त्यात पाणी सोडता येतं. आपल्या बाईसाहेब पन्हाळ्यावर अडून बसल्या. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले घेतले, त्यात पन्हाळा आहे, हे तिला शाळेत सांगितलंय. "आपला किल्ला असताना दुसरा कशाला?" असं तिनं विचारल्यावर कुणाला उत्तर सुचलं नाही.

मग रविवारी सगळ्या पोरांना घेऊन पन्हाळ्यावर गेलो. नुसतं फिरायचं नव्हतं, बघून वहीत काढायचं होतं. अंबरखान्याच्या गंगा कोठीत शिरल्यावर पोरांचा आवाज आपोआप खाली आला, एवढ्या जाड भिंती आणि एवढं उंच छत. अंधारबावीत सगळ्यात जास्त वेळ गेला. वरून बघताना साधी दगडी इमारत वाटते, आणि आत पायऱ्या उतरत गेलं की खाली विहीर. मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निसटायला वाट ठेवलीय, ती बघून पोरं दंग झाली. तिथून तीन दरवाजा, मग पुसाटी बुरूज. बुरुजावर वारा असा होता की वहीची पानं दोघांनी धरायची आणि तिसऱ्यानं चित्र काढायचं. येताना मसाई पठारावर थोडा वेळ थांबलो. फुलांचा बहर ओसरत आलाय, तरी सोनकी अजून पिवळीधमक आहे.

आता परड्यात आंब्याखाली किल्ला उभा राहतोय. खाली विटा, वर भिजवलेली गोणपाटं आणि त्यावर लाल मातीचा चिखल थापलाय. उतारावर मोहरी आणि हळीव पेरलंय, दिवाळीपर्यंत हिरवंगार होईल. अंबरखाना काडेपेट्यांच्या खोक्यांचा केलाय, आणि अंधारबावीसाठी नारळाची करवंटी पुरलीय. पण मला सगळ्यात आवडल्या त्या दोन पालख्या. पोरीनं आइस्क्रीमच्या काड्या चिरून, दोऱ्यानं बांधून त्या केल्यात. एक मसाई पठाराच्या वाटेनं विशाळगडाकडे निघालीय, तिच्यात महाराज. दुसरी मुद्दाम शत्रूच्या नजरेला पडेल अशी, तिच्यात शिवा काशीद. 1660 च्या आषाढातली ती रात्र तिनं मला काहीही न विचारता मांडली. सिद्दी जौहरच्या तंबूंना तिनं जुन्या छत्रीचं कापड वापरलंय. मी म्हटलं, दोन्ही पालख्या हुबेहूब सारख्याच का केल्यास? तर म्हणाली, "बाबा, सारख्या नसत्या तर सिद्दी फसला असता का?" आणि मग खालच्या आवाजात, "शिवा काशीदला माहीत होतं ना, आपण परत येणार नाही?" मी हो म्हटलं. त्या पालखीजवळ तिनं एक पणतीची जागा राखून ठेवलीय. दिवाळीत रोज तिथं दिवा लावायचा, असं तिचं ठरलंय.

आकाशकंदीलही घरीच. बाबा, तुमची हत्यारांची पेटी उघडलीय, विचारायला हवं होतं, पण सगळं जागच्या जागी ठेवतोय. बांबूच्या कामट्या तुमच्याच कोयत्यानं काढल्या. सांगाडा चौकोनी करून वर त्रिकोण बांधले, पतंगी कागद आणला, आणि खळ गव्हाच्या पिठाची घरीच शिजवली. कागद चिकटवताना खळ पातळ झाली की कागद सुरकुततो, घट्ट झाली की गाठी दिसतात. ते जमायला वेळ लागला, आता मात्र कागद ताठ बसतोय. झिरमिळ्या तेवढ्या लावायच्या राहिल्यात. त्या आजी कापणार, असं मला बजावलंय.

कोजागरीला माडीवरच्या गच्चीत मित्रांची सगळी कुटुंबं बोलावली होती. दूध संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरून समोर पिळून आणलं. आई, तू करतेस तसंच आधी नुसतं दूध आटवलं, आणि वेलदोडा, केशर, चारोळी शेवटी. मोठ्यांनी गाणी म्हटली, पोरं चांदण्यात लपंडाव खेळली. शेजारच्या काकू दोन वेळा म्हणाल्या, "आई असत्या तर भेंड्या रंगल्या असत्या."

गुऱ्हाळाचं आता सांगतो, कारण बाबा, ते तुम्हाला आवडेल. वडणग्याच्या पलीकडे मित्राच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ पेटलंय. गुऱ्हाळं कमी झाली हे खरं, बराचसा ऊस कारखान्याला जातो, पण ह्यांनी सोडलेलं नाही. आम्ही पहाटे गेलो. घाण्यावर ऊस गळत होता, काहिलीत रस उकळत होता, चुलवाणात वाळलेली चिपाडं जळत होती. रसात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी टाकलं की मळी वर येते आणि रस साफ होत जातो. ती मळी झाऱ्यानं काढत राहायची. गुळव्या वयानं तुमच्याएवढा असेल. थोडा पाक पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळून बघायचा, आणि पुन्हा काहिलीकडे बघत उभा राहायचा. एका क्षणी त्यानं हात वर केला, आणि चौघांनी मिळून काहील वाफ्यात ओतली. मी विचारलं, "कसं कळतं?" तर म्हणाला, "बुडबुडं सांगत्यात की." त्यानं पोरांना उसाच्या कांड्यावर गरम गूळ दिला, आणि आम्ही चुलवाणाच्या निखाऱ्यात रताळी भाजून खाल्ली. तुमच्यासाठी काकवीची बाटली आणि गुळाचा एक किलोचा रवा घेऊन ठेवलाय. बिनसाखरेचा, माझ्यासमोर भरलेला. करंज्यांना साखर न वापरता हाच गूळ घालायचा का, ते आईनं सांगावं.

आई, तुझ्या सुनेचे दोन प्रश्न आहेत. चकलीच्या भाजणीला ती एक किलो तांदळाला अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ घेणार आहे. मूग डाळ तू किती घालायचीस? आणि जुन्या साड्यांची वाकळ शिवायला घेतलीय. शेजारच्या दोघी दुपारी सोप्यात येऊन बसतात, टाके घालता घालता गप्पा चालतात. ट्रंकेतली जांभळी काठाची साडी मऊ झालीय, अस्तराला फार छान जाईल, पण तुझ्या परवानगीशिवाय ती कात्री लावणार नाही.

आता यायचं. वसुबारसेच्या आत या आणि त्रिपुरी पौर्णिमा होईपर्यंत हलू नका. ताईलाही भाऊबिजेला यायला सांगितलंय. पाडव्याला म्हशींचा सगर बघायला आपण रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसू. रंगवलेली शिंगं, गळ्यात माळा, आणि मालकाच्या मोटारसायकलीमागं धावणाऱ्या म्हशी बघून बाबा नेहमी किती खूश होतात! नोव्हेंबरच्या 9, 10, 11 तारखांना किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत येत अंबाबाईच्या पायांपर्यंत आणि मग वर वर चढतात, ते आईनं बरेच दिवसांत बघितलेलं नाही. गर्दीत उभं राहावं लागेल, म्हणून आई आणि मी जाऊ, बाबा पोरीबरोबर किल्ल्याजवळ बसतील. त्रिपुरीला पहाटे पंचगंगेच्या घाटावर पणत्या लागतात, तिथं मात्र सगळे जाऊ. गाडी शक्य तितकी जवळ नेतो.

कोयनेनं या. दिवसाचा प्रवास, पाय मधूनमधून लांब करता येतील, आणि स्टेशनवर मी आणि मित्र दोघं येतो. तुमची झोपायची जागा माडीवरून खाली सोप्यालगतच्या खोलीत केलीय, तिथं सकाळचं ऊन येतं. न्हाणीत खडबडीत फरशी बसवली. सोप्याच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा करायचाय, दीड इंची पाइप उद्यमनगरातल्या तुमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडून वाकवून आणलाय. ते म्हणाले, "साहेबांच्या हाताचं माप सांगा, अंदाजानं लावणार नाही." तेव्हा बाबा, चप्पल घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडून कोपरातून थोडा वाकवा, आणि तळव्यापासून जमिनीपर्यंत किती भरतं ते ताईला टेपनं मोजून आजच कळवायला सांगा. काठी कुठल्या हातात धरता तेही लिहा. माप मिळालं की दुसऱ्या दिवशी वेल्डिंग होईल आणि रंग वाळायला दोन दिवस मिळतील.

तुमचा,
मुलगा

ता. क. नात म्हणते, आजोबांनी येताना चष्मा विसरू नये, पालख्यांचे दोर बारीक आहेत.